जावा भांडल्या तर

“ह्यात आमचं नाव कुटं हाय?” सरूबाईंनी विचारलं.

मी टाइप केलेल्या पहिल्या पानावर बोट ठेवलं. अगदी वर, एकदाच, दोघींची नावं होती. पुढे सगळीकडे नुसतं ‘द मॅन्युफॅक्चरर’.

“म्हंजी आमी म्यानफ्याक्चर?”

“हो. आणि शेठजी म्हणजे ‘द एजंट’.”

सरूबाईंनी धाकट्या जावेकडे पाहिलं. पारूबाईंनी पदर तोंडाला लावला, आणि मग दोघी हसतच सुटल्या. वडगावच्या कोर्टासमोरच्या आमच्या ऑफिसात हसण्याचा आवाज फारसा येत नसे. काय झालं ते बघायला माझे सीनियर गद्रेसाहेब आतल्या खोलीतून डोकावून गेले.

ही साठच्या दशकातली गोष्ट. मी पुण्याला एलएल.बी. होऊन गद्रेसाहेबांच्या हाताखाली नवीनच लागले होते. लोणावळ्याहून रोज सकाळच्या लोकलने वडगावला यायचं आणि संध्याकाळी परत. मावळ तालुक्यातली कोर्टाची कामं म्हणजे जमिनीच्या वाटण्या, बांधाचे वाद आणि कुळकायदा. धंद्याचा करार लिहायचं काम क्वचितच यायचं. आलं तेव्हा साहेबांनी ते माझ्याकडे सरकवलं. “कुमुदबाई, सरबताचं प्रकरण आहे. गोड आहे. तुम्हीच बघा.”

सरूबाई आणि पारूबाई यांचं सासर मूळचं भाजे गावचं. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, रेल्वेत गँगमन. बिऱ्हाड लोणावळ्यात, वलवणच्या वाटेवर, दोन खोल्या आणि पुढे अंगण. उन्हाळा तापला की डोंगरावरच्या वाड्यांमधल्या बायका करवंदांच्या पाट्या घेऊन त्यांच्या दारात उतरत. ह्या दोघी अंगणातल्या चुलीवर त्याचं सरबत करत. करवंदं संपली की जांभळं. आधी घरापुरतं, मग दारात विकायला, मग स्टेशनवरचे फेरीवालेही बाटल्या नेऊ लागले. बाटलीवर लेबल नव्हतं. कुण्या गिऱ्हाइकाने विचारलं, कोण करतं हे, तर फेरीवाला म्हणाला, दोघी जावा आहेत. तेव्हापासून त्याला ‘जावांचं सरबत’ हेच नाव पडलं. दोन जावा एका चुलीवर सरबत करतात आणि ते गोड होतं, याचंच लोकांना नवल.

त्या वर्षी हरजीवनशेठ नावाचे मुंबईचे व्यापारी हवापालटाला लोणावळ्यात आले होते. त्यांचा सरबतं, मुरांबे, पापड असा घाऊक धंदा. त्यांनी हे सरबत प्यायलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतः अंगणात येऊन उभे राहिले. जेवढं कराल तेवढं घेतो, म्हणाले. बाटल्या मी देतो, साखर मी आणतो, सरकारी लायसन्सचंही मी बघतो. दोघी हरखल्या. आठवड्याने शेठजींच्या सॉलिसिटरकडून हा जाडजूड इंग्रजी ड्राफ्ट आला. ड्राफ्ट म्हणजे कराराचा कच्चा मसुदा, सही व्हायच्या आधीचा. तो घेऊन त्या लोकलने आमच्याकडे आल्या होत्या.

मी रात्रभर नव्हे, पण दुपारभर तो वाचला. त्या दोघी समोरच्या बाकावर बसून शेंगा खात होत्या.

“सोल एजन्सी असं लिहिलंय,” मी म्हटलं. “म्हणजे तुमचा माल फक्त शेठजी विकणार. दुसरं कुणी नाही. तुम्हीसुद्धा नाही.”

“दारात कोन आलं तर?”

“त्यालाही नाही.”

सरूबाई शेंग सोलता सोलता थांबल्या. “आन् पावन्याला पेला भरून दिला तर?”

“दिला तर चालेल. विकला तर नाही.”

पुढचं कलम त्याहून अवघड होतं. सरबताचं नाव आणि ‘गुडविल’ शेठजींच्या मालकीचं होणार होतं, कायमचं. करार मोडला तरी. गुडविल म्हणजे काय, असं पारूबाईंनी विचारलं. त्या चौथीपर्यंत शिकलेल्या होत्या आणि त्यांना शब्द नीट कळल्याशिवाय चैन पडत नसे. मी म्हटलं, “तुमचं सरबत न चाखता माणूस नुसतं नाव ऐकून बाटली उचलतो ना, ते गुडविल.”

“मंग ते त्यांचं कसं? ते तर आत्ता आले.”

मी ड्राफ्ट घेऊन साहेबांकडे गेले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, दोन पानं पाहिली आणि म्हणाले, “अहो, सरळ नाही म्हणून कळवा. एक शेठ गेला, दुसरा येईल.”

मी बाहेर येऊन तसं सांगितलं. सरूबाईंनी मान हलवली.

“मोडायचं न्हाई, वकीलबाई. आमच्या चुलीवरचं मुंबईला जातंय, ह्ये आमाला आवडलंय. लय आवडलंय. पर आमचं दार बंद न्हाई करायचं. आन् नाव आमचं ते आमचं. तुमी त्यास्नी समजावून सांगा. आन् लवकर सांगा, करवंद पिकाया लागलंय.”

म्हणजे मला दोन्ही साधायचं होतं, करारही आणि नावही. वकिलीच्या पुस्तकात कागद कसा लिहायचा ते असतं, समोरच्याशी बोलायचं कसं ते नसतं. मी माझ्यापुरता एक नियम केला आणि पुढे सगळी वकिली त्यावर काढली. कुणी कलम उगाच घालत नाही. प्रत्येक कलमामागे एक भीती असते. ती शोधायची. भीती सापडली की कलम बदलता येतं.

मी शेठजींना निरोप धाडला, बोलणी ऑफिसात नको, सरबत होतं तिथेच करू. त्यांनाही ते पटलं. माल बनतो ती जागा सॉलिसिटरला दाखवायचीच होती.

ठरल्या दिवशी अंगणात चूल पेटलेली होती. चुलीवर कल्हई केलेलं मोठं तांब्याचं पातेलं, त्यात करवंदांचा जांभळट लाल रस रटरटत होता. शेठजी खाटेवर बसले. त्यांचे सॉलिसिटर झवेरी कोट-टायमध्ये आले होते, ते आंब्याच्या सावलीतल्या खुर्चीत घाम पुसत बसले. मी काळा कोट घालून आले नव्हते याचा मला फार आनंद झाला. पारूबाईंनी सगळ्यांना सरबत दिलं.

झवेरींनी एका दमात पेला संपवला आणि कामाला लागले. “मॅडम, सोल एजन्सी नसेल तर माझा क्लायंट एकही बाटली पाठवणार नाही. दॅट इज फायनल.”

मी शेठजींकडे वळले. “शेठजी, इथे दारात बाटली घ्यायला येणारा माणूस तुमचं गिऱ्हाईक आहे का?”

“ना, ना. तो तर इथे फिरायला आलेला माणूस.”

“मग त्याला विकलं तर तुमचं काय बिघडतं?”

शेठजी जरा घुटमळले. “एक बाटली घेतली तर काय नाय बिघडत. पण कोणी इथून टेम्पो भरून घेतला आणि माझ्याच बाजारात स्वस्तात विकला तर?”

ही पहिली भीती. मी म्हटलं, “घाटाने वाटणी करू. घाटाखाली तुम्ही, घाटावर ह्या. खालचा सगळा धंदा तुमचा, त्यात ह्या पाऊल टाकणार नाहीत. वर दारात आलेल्याला ह्या विकतील, पण घरच्यापुरत्याच बाटल्या.”

“घरच्यापुरत्या इज व्हेरी व्हेग,” झवेरी म्हणाले.

“हातात मावतील तेवढ्या,” सरूबाई चुलीपासून म्हणाल्या.

“हात लहानमोठे असतात, बाई.”

“मंग एक पिशवी. पिशवी त्यानं आणायची.”

झवेरींनी लिहून घेतलं. मग त्यांनीच पेन थांबवलं. “आणि ट्रेन? फेरीवाले गाडीत चढतात. गाडी घाटात आहे. बाटली विकली. ती वरची की खालची?”

यावर जवळजवळ अर्धा तास गेला आणि तो फार मजेत गेला. झवेरींचं म्हणणं, गाडीने लोणावळा सोडलं की घाट सुरू. पारूबाई म्हणाल्या, “साहेब, फेरीवाला खंडाळ्याला उतरतो आन् माघारी येतो. घाट त्याच्या फुडं हाय.” त्यांचं माहेर खंडाळ्याच्या बाजूचं, त्यामुळे खंडाळा वरच्या बाजूला यावा असा त्यांचा आग्रह होता. शेठजींना हे सगळं इतकं आवडलं की त्यांनी स्वतःच सोडून दिलं. “झवेरी, खंडाळा त्यांना देऊन टाका. तिथे माझ्या सासूचा बंगला असता तर तो पण दिला असता.” करारात लिहिलं गेलं, गाडी खंडाळा स्टेशन सोडेपर्यंत जे विकेल ते वरचं.

मग नावाचं कलम आलं आणि हसणं थांबलं.

झवेरी हटेनात. नाव एजंटच्याच मालकीचं हवं. मी वेगवेगळ्या तऱ्हेने विचारलं. नाव वापरायची परवानगी देतो, मालकी नको. ते नाही म्हणाले. घाटाखाली दुसऱ्या कुणालाही नाव देणार नाही, असं लिहून देतो. तेही नको. शेठजी मात्र खाटेच्या नवारीशी चाळा करत होते. मला वाटलं, भीती आहे ती यांच्या पोटात आहे, सॉलिसिटरच्या कागदात नाही.

“शेठजी, खरं सांगा. नाव तुम्हाला कशाला हवंय?”

त्यांनी एकदा दोघी जावांकडे पाहिलं. आवाज खाली आणला. “वाईट नाय वाटून घ्यायचा, बेन. माझ्या घरी दोन सुना आहेत. अगोदर एक चूल होती. आता दोन आहेत.”

सरूबाईंनी रटरटणारं पातेलं एकदा ढवळलं.

“आज तुम्ही गोड आहात,” शेठजी म्हणाले. “पण उद्या भांडण झालं, ही इथे सरबत करते, ती तिथे करते, आणि दोघींच्या बाटलीवर जावांचं सरबत. मी मुंबईला कुठली बाटली विकू? लोकांना काय सांगू?”

“आमी न्हाई भांडत,” सरूबाई म्हणाल्या.

“बाई, हे कलम होत नाही,” झवेरी म्हणाले. यावर शेठजीही हसले.

पण मला शेठजींचं म्हणणं रास्त वाटलं. मी दोघींना समोर बसवलं. म्हटलं, “समजा भांडलात. नुसतं समजा. नाव कुणी ठेवायचं?”

“तिनं,” सरूबाई म्हणाल्या.

“आक्कानं,” पारूबाई म्हणाल्या.

झवेरींनी कपाळाला हात लावला. असल्या प्रेमळ लोकांचा करार करणं सर्वांत कठीण, हे मला त्या दिवशी कळलं. मी वेगळा प्रश्न टाकला. “बरं, हे पातेलं कुणी ठेवायचं?”

“मी,” दोघी एकदमच म्हणाल्या.

आणि एकमेकींकडे बघायला लागल्या.

“माज्या माहेरचं हाय ते,” सरूबाई म्हणाल्या.

“माहेरचं हाय, पर आलं तवा बूड गेलेलं व्हतं. बूड कुनी बसवून आणलं? कल्हई कोन करून आणतं दर साली?”

“एक कल्हई केली म्हून पातेलं तुजं झालं व्हय?”

“एक? आक्का, एक म्हनता?”

आवाज चढले. शेजारणी कुंपणाशी आल्या. शेठजी खाटेवर मागे टेकून बसले. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं, की मला त्यांचा राग यायला हवा होता, पण हसूच येत होतं. “पाहिलं ना, वकीलबेन?” ते हळूच म्हणाले.

तेवढ्यात रस लागल्याचा वास आला. दोघी बोलायच्या थांबल्या. पारूबाईंनी चुलीतली लाकडं बाहेर ओढली, सरूबाईंनी उलथन्याने तळ खरवडून रस ढवळला, मग दोघींनी दोन बाजूंनी फडकी धरून पातेलं खाली उतरवलं. सरूबाईंनी चमचाभर रस फुंकून चाखला. “वाचलं,” म्हणाल्या. पारूबाईंनीही चाखला आणि मान डोलावली. मग सरूबाई घाम पुसत माझ्याकडे वळल्या. “वकीलबाई, भांडायचं तर गनपती झाल्यावर. हंगामात सवड कुटं हाय?”

त्या सहज बोलल्या. माझ्या डोक्यात मात्र कलम तयार झालं.

मी तिथेच खाटेच्या कडेवर कागद ठेवून लिहिलं. नाव दोघी जावांचं मिळून राहील. वेगळं व्हायचं असेल तर जिला व्हायचंय तिने नोटीस द्यायची, पण ती गणपती झाल्यावरच. त्याआधी दिलेली नोटीस खोटी धरायची. तोवर आलेल्या सगळ्या ऑर्डरी दोघींनी एका चुलीवर पुऱ्या करायच्या. आणि एकदा खरंच वेगळं झाल्या, की ‘जावांचं सरबत’ हे नाव कुणीच वापरायचं नाही. सरूबाईंनी नाही, पारूबाईंनी नाही आणि शेठजींनीही नाही.

झवेरींनी ते दोनदा वाचलं. “म्हणजे नाव मरणार?”

“हो. म्हणून तिघंही त्याला जगवतील. आणि दोन जावांच्या दोन बाटल्या बाजारात येतील ही शेठजींची भीतीही गेली. भांडण झालं तरी त्यांचा त्या वर्षीचा माल पुरा मिळतो.”

“आणि पातेलं?”

“पातेलं करारात नको,” मी म्हटलं. “ते ज्या दिवशी कागदावर येईल त्या दिवशी करार संपला.”

झवेरी पहिल्यांदाच मोकळं हसले. टाय सैल केला आणि दुसरा पेला मागितला.

शेवटचा आग्रह माझा होता. कराराची खरी प्रत मराठीत हवी, इंग्रजी फक्त तर्जुमा. झवेरी म्हणाले, “टर्मिनेशनला मराठीत काय लिहिणार?” मी म्हटलं, “मोडणं.” त्यांना ते फार लहान वाटलं, पण दुसरं काही सुचेना. साफ प्रत झाली तेव्हा पारूबाईंनी ती जावेला मोठ्याने वाचून दाखवली. ‘उपरोक्त’पाशी त्या अडल्या. मी तिथे ‘वरचं’ केलं. एवढा मोठा इंग्रजी ड्राफ्ट मराठीत दोन पानांत बसला. गद्रेसाहेबांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, “पुढचं पान कुठे आहे?” मी म्हटलं, “नाहीये.” त्यांनी सरबताची बाटली कुठे मिळते तेवढं विचारून घेतलं.

सह्या झाल्या. त्या उन्हाळ्यात जावांचं सरबत घाट उतरून मुंबईला गेलं, लेबल लावून. लेबलवर काय चित्र काढायचं यावर शेठजींचा आणि सरूबाईंचा बराच वाद झाला, पण तो माझ्याकडे आला नाही.

पुढे तीन-चार हंगाम छान गेले. मग एके दिवशी भर वैशाखात सरूबाई एकट्याच ऑफिसात आल्या. चेहरा उतरलेला. त्यांच्या थोरल्या मुलाच्या लग्नात पारूबाईंच्या माहेरच्यांना मागच्या पंगतीला बसवलं, यावरून बिनसलं होतं. “मला येगळं व्हायचंय. कागद काडा.” मी त्यांना कसंबसं समजावून चहा पाजून पाठवलं. दुपारच्या गाडीने पारूबाई आल्या. त्यांचंही तेच. खरं सांगायचं तर मला वाईट वाटलं होतं. दोघींना मी एकच उत्तर दिलं. “नोटीस गणपती झाल्यावर.”

“तवर काय करू?” पारूबाईंनी विचारलं.

“सरबत.”

त्यांनी केलं. लिहून दिलेलं होतं आणि दोघीही शब्दाच्या पक्क्या. मी एकदा मुद्दाम जाऊन पाहिलं. चुलीच्या दोन बाजूंना दोघी, तोंडं विरुद्ध दिशांना. मधे करवंदं घेऊन आलेल्या वाडीवरच्या भिमाबाई. त्यांना निरोप्याचं काम लागलं होतं.

“भिमे, तिला सांग, साखर घालायची येळ झाली.”

“भिमे, तिला सांग, मला डोळं हायेत.”

भिमाबाईंनी दोन-तीन दिवस सोसलं. मग पाटी डोक्यावर घेऊन उठल्या. “मी करवंद इकाया येते, निरोप सांगाया न्हाई. तुमचं तुमी बोला न्हाईतर कामशेतच्या बाजारात देते माजा माल.” करवंदं हातची जायची वेळ आली तेव्हा दोघींना बोलावंच लागलं. आधी साखरेपुरतं. मग लाकडांपुरतं. जांभळं आली तोवर शेजारणींच्या चुगल्या सुरू झाल्या होत्या, आणि त्या एकटीने करता येत नाहीत.

गणपती झाले. मी वाट पाहिली. कुणीच आलं नाही. शेवटी बाजारात दोघी भाजी घेताना भेटल्या तेव्हा वकील म्हणून मी विचारलं, “नोटिसीचं काय करायचं? आता देता येते.”

सरूबाईंनी भेंडी मोडून पाहिली आणि टोपलीत टाकली. “कसली नोटीस, वकीलबाई?”

त्यानंतर एकदा झवेरींचं मुंबईहून पत्र आलं. कापडाच्या धंद्यातल्या दोन भावांचा भागीदारीचा करार करत होते, त्यात त्यांना ते गणपतीचं कलम हवं होतं. मी पाठवलं, पण सोबत कळवलं, की भावांना त्या काळात एकत्र करायला काहीतरी काम द्या. नुसती मुदत दिली तर माणसं ती मुदत राग जपण्यात घालवतात.

पुढे मी बरेच करार लिहिले. कारखान्यांचे, बंगल्यांचे, दूध डेअरीचे. माणसं चांगली आहेत असं धरून बोलणी करावीत, आणि एक दिवस ती तापणार असं धरून कागद लिहावा. तापलेल्या माणसाला थोडा वेळ द्यावा. आणि त्या वेळात त्याचे हात मोकळे राहणार नाहीत, असंही लिहून ठेवावं.